दोष कोणाचा?

प्रास्ताविक

परगावी पाहुणे म्हणून आपण एखाद्या घरी उतरतो. रात्री दिवा लावावा म्हणून भिंतीवरच्या बटणांच्या बोर्डाकडे हात जातो. बोर्डावर एकसारखी सहा बटणे एका रांगेत असतात. पहिले दाबताच पंखा फिरू लागतो. दुसरे दाबल्यावर काहीच घडत नाही. तिसऱ्याने बाहेरच्या व्हरांड्यातला दिवा लागतो. शेवटी घरातले कोणीतरी येते, न पाहताच नेमके बटण दाबते आणि खोली उजळते. आपण काहीसे खजील होऊन म्हणतो, ‘‘मला काही कळलेच नाही.’’

आपले काय चुकले होते? सहा एकसारख्या बटणांतून दिव्याचे बटण ओळखण्याची कोणती खूण तेथे होती? मग दोष आपला की त्या बोर्डाचा? प्रस्तुत पाठात या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. काही विक्षिप्त वस्तू, एक मोठी दुर्घटना आणि आपल्या देशात घडलेले एक उपयुक्त साधन यांच्या आधाराने लेखकाने वस्तूंची घडण आणि माणसाचा आत्मविश्वास यांचे नाते उलगडून दाखवले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• वस्तूची घडण आणि तिचा वापर यांतील संबंध स्पष्ट करणे.
• खूण, संगती आणि प्रतिसाद या संकल्पना उदाहरणांसह सांगणे.
• दैनंदिन वापरातील एखाद्या वस्तूचे गुणदोष आपल्या शब्दांत मांडणे.
• ‘फुटणे–फोडणे’ यांसारख्या क्रियापदांच्या जोड्यांतील अर्थभेद ओळखणे.

मूळ पाठ

(१)

जाक कारेलमान नावाचे एक फ्रेंच चित्रकार होऊन गेले. १९६९ साली त्यांनी एक मजेदार पुस्तक प्रसिद्ध केले. दुकानदार आपल्या मालाची सचित्र यादी छापतात, तशीच ही यादी होती; फरक इतकाच, की तिच्यातील वस्तू कोणत्याही दुकानात मिळणे शक्य नव्हते. एका पानावर दोघांनी चालवायची सायकल होती, पण तिच्यावर बसणारे दोघेही एकमेकांकडे तोंड करून पायडल मारणार! मग सायकलने जायचे तरी कोणत्या दिशेला? दुसऱ्या एका पानावर कॉफीची किटली होती. दिसायला ती सुबक होती, पण तिची मूठ आणि तिची तोटी दोन्ही एकाच बाजूला होत्या. या किटलीतून कॉफी ओतू गेल्यास ती कपात न पडता ओतणाऱ्याच्याच हातावर पडणार.

जपानमध्ये केन्जी कावाकामी यांनी अशाच विक्षिप्त वस्तूंचा छंद लोकप्रिय केला. या वस्तूंना त्यांनी ‘चिंदोगू’ असे नाव दिले. ‘चमत्कारिक साधन’ असा त्याचा अर्थ सांगता येईल. बूट भिजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर बसवायच्या इवल्याशा छत्र्या, गरम शेवया निवाव्यात म्हणून खाण्याच्या काड्यांना जोडलेला छोटा पंखा, गोंदाच्या कांडीसारखी पावावर फिरवायची लोण्याची कांडी, अशा कितीतरी वस्तू त्यांनी लोकांपुढे ठेवल्या. या छंदाचे नियमही ठरलेले आहेत. वस्तू केवळ कल्पनेत असून चालत नाही, ती प्रत्यक्ष तयार करावी लागते. ती विकायची नाही आणि तिचे एकस्व, म्हणजे पेटंटही घ्यायचे नाही. तिने एखादी अडचण दूर करावी, पण असे करताना इतकी नवी अडचण उभी करावी, की कोणी ती खरोखर वापरू धजणार नाही. गंमत अशी, की १९९५ साली इंग्रजीत निघालेल्या त्यांच्या पुस्तकात स्वतःचे छायाचित्र स्वतःच काढण्यासाठी कॅमेऱ्याला जोडायची एक काठी होती. तिलाही लोक तेव्हा हसले. पुढे मोबाइल फोनमध्ये कॅमेरे आले आणि तशीच काठी जगभरच्या पर्यटनस्थळी हातोहात विकली जाऊ लागली. वस्तू तीच, पण माणसाची गरज बदलली आणि निरुपयोगी ठरलेली वस्तू उपयोगाची झाली.

कारेलमान यांची किटली आपल्याला हसवते, कारण तिचा दोष उघड दिसतो. ती हाती घेऊन कोणी असे म्हणणार नाही, की ‘मला कॉफी ओतता येत नाही.’ परंतु वस्तूतील दोष लपलेला असला, की हीच गोष्ट उलटी होते. मग आपण वस्तूला हसत नाही. स्वतःलाच बोल लावतो.

(२)

याच किटलीचे चित्र पुढे एका गंभीर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आले. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली रोजच्या वापरातील वस्तूंवर एक ग्रंथ लिहिला. त्यांनी निवडलेले उदाहरण अगदी साधे होते : दार. एखाद्या कार्यालयाच्या दाराला उभी मूठ असते. मूठ दिसली, की ती धरून ओढावी असे कोणालाही वाटते. पण दार असते ढकलायचे. मग त्याच्यावर ‘ढकला’ अशी पाटी लावावी लागते. तरीही येणारा माणूस आधी ओढतो, मग ओशाळतो आणि मग ढकलतो. नॉर्मन यांचे म्हणणे असे, की दारासारख्या साध्या वस्तूला वापराची सूचना लिहावी लागत असेल, तर चूक माणसाची नाही. ढकलायच्या बाजूला मुठीऐवजी सपाट पट्टी बसवली, तर पाटीची गरजच उरत नाही. हात आपोआप पट्टीवर टेकतो आणि दार उघडते. वाचता येणाऱ्याला आणि न येणाऱ्यालाही ते दार सारखेच उघडते, हे येथे विशेष ध्यानात घेतले पाहिजे.

चांगल्या वस्तूची तीन लक्षणे त्यांच्या विवेचनातून काढता येतात. पहिले लक्षण खूण. कोठे धरावे, कोठे दाबावे हे वस्तूनेच सुचवले पाहिजे. कात्रीच्या कड्यांकडे पाहताच त्यांत बोटे घालायची हे कळते. दुसरे लक्षण संगती. बटणांची मांडणी आणि त्यांनी चालणाऱ्या दिवे-पंख्यांची मांडणी यांत मेळ असला पाहिजे. डावीकडच्या बटणाने डावीकडचा दिवा लागला, तर पाहुण्याला कोणाला हाक मारावी लागत नाही. तिसरे लक्षण प्रतिसाद. आपण केलेल्या कृतीचे काय झाले हे वस्तूने कळवले पाहिजे. लिफ्टचे बटण दाबल्यावर ते उजळते, तेव्हा आपला निरोप पोहोचला हे समजते. प्रेशर कुकरची शिटी वाजते, ती आतली जास्तीची वाफ बाहेर पडते म्हणून. पण स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला ती दुसऱ्या खोलीतही आतली खबर देते.

(३)

या गोष्टी केवळ सोयीच्या आहेत, असे मात्र समजू नये. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथे अणुवीज केंद्र होते. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे तेथील दुसऱ्या अणुभट्टीत बिघाड झाला. दाब कमी करण्यासाठी एक झडप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती, पण ती उघडीच अडकून राहिली. नियंत्रण कक्षातील फलकावर त्या झडपेसाठी एक दिवा होता. तो विझला, म्हणून झडप मिटली असे कर्मचाऱ्यांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात झडप मिटली आहे की नाही, हे तो दिवा सांगतच नव्हता. ‘मिटण्याचा आदेश गेला’ एवढेच त्याच्यावरून कळत होते. दोन तासांहून अधिक काळ त्या झडपेतून अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा काही भाग वितळला.

लोकांनी प्रथम कर्मचाऱ्यांकडे बोट दाखवले. नंतर ज्या तज्ज्ञांना या प्रकाराचा अभ्यास करण्यासाठी बोलावण्यात आले, त्यांत नॉर्मनही होते. नियंत्रण कक्षाची रचनाच अशी होती, की तेथे चुका घडणे अटळ होते, असे त्यांचे मत झाले. मोठ्या यंत्राचा छोटा दिवा अर्धसत्य सांगत होता आणि त्याच्यावर विश्वास ठेवणे हीच कर्मचाऱ्यांची चूक ठरली होती.

(४)

आता आपल्या देशातील एक उदाहरण पाहू. पाय गमावलेल्या माणसाला कृत्रिम पाय मिळाला, तरी काही दिवसांनी तो पाय कोपऱ्यात पडतो आणि माणूस पुन्हा कुबड्या घेतो, असे जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात आले. एवढे मोलाचे साधन लोक टाकून का देतात? रुग्ण अडाणी आहेत, असे म्हणून या प्रश्नाचा निकाल लावणे सोपे होते. डॉ. सेठी यांनी तसे केले नाही.

तो पाय पाश्चात्त्य पद्धतीचा होता. बूट घालून, फरसबंदी रस्त्यावर चालून, खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी तो घडवलेला होता. आपल्याकडचा शेतकरी चिखलातून अनवाणी चालतो. तो मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो आणि देवळात जाताना पादत्राणे बाहेर काढतो. यांपैकी एकही गोष्ट त्या पायाने धड साधत नव्हती. याचा अर्थ रुग्ण पायाला नालायक नव्हते. पाय त्यांच्या आयुष्याला जुळत नव्हता.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात डॉ. सेठी यांना रामचंद्र शर्मा या कसबी कारागिराची साथ लाभली. शर्मा यांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते, पण हातात कला होती आणि वस्तूकडे पाहण्याची तीक्ष्ण नजर होती. १९६८ च्या सुमारास या दोघांच्या प्रयत्नांतून रबर आणि लाकूड वापरून एक नवा पाय तयार झाला. तो खऱ्या पावलासारखा दिसत होता, घोट्याशी वळत होता, पाण्याने खराब होत नव्हता आणि त्याला बुटाची गरज नव्हती. हाच पुढे ‘जयपूर फूट’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९७५ साली जयपूर येथे स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो असंख्य गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचवला. १९८१ साली अपघातानंतर पाय गमावलेल्या मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन हाच पाय लावून १९८४ साली पुन्हा रंगमंचावर नाचल्या. याच कार्यासाठी १९८१ साली डॉ. सेठी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एका बाजूला शल्यशास्त्राचे ज्ञान होते, दुसऱ्या बाजूला हाताचे कसब. दोघांनी मिळून रुग्णाला प्रश्न विचारला नाही, की ‘तुला हे वापरता का येत नाही?’ त्यांनी वस्तूला विचारले, ‘तू याच्या उपयोगी का पडत नाहीस?’

(५)

याचा अर्थ सर्व अपयशांचे खापर वस्तूंवर फोडावे, असा नाही. सायकल शिकताना पडावेच लागते. शिवणयंत्रावर सरळ टीप घालायला सराव लागतो. असे श्रम आपल्याला काहीतरी देऊन जातात. सराव झाला, की ते कौशल्य जन्मभर सोबत राहते. परंतु ओढायच्या वाटणाऱ्या दाराला ढकलण्याचे श्रम आपल्याला काहीच देत नाहीत. शिकण्याचे कष्ट आणि विनाकारण सोसलेला त्रास यांत फरक करता आला पाहिजे.

अर्जाचा कागद हीसुद्धा एक घडवलेली वस्तूच आहे. पूर्ण पत्ता लिहायला बोटभर जागा, एका ओळीत दोन प्रश्न आणि तळाशी बारीक अक्षरांतील अटी असा अर्ज समोर आला, की शिक्षण अर्ध्यावर सुटलेला माणूस मनात म्हणतो, ‘‘हे आपल्याला जमायचे नाही.’’ तो अर्ज तसाच ठेवून परत जातो. त्याच्या हक्काची गोष्ट एका वाईट कागदापायी त्याच्या हातून निसटते. म्हणून पुढच्या वेळी एखादी वस्तू, एखादे यंत्र किंवा एखादा कागद आपल्याला अडवील, तेव्हा क्षणभर थांबावे आणि स्वतःला विचारावे : मला अजून शिकायचे आहे, की हे साधन घडवणाराच मला विसरला आहे? पहिले उत्तर आले, तर शिकावे. दुसरे आले, तर ते मोकळेपणाने सांगावे, मदत मागावी. पण मान खाली घालू नये.

शब्दार्थ

विक्षिप्त – चमत्कारिक, जगावेगळा
तोटी – किटलीतून द्रव बाहेर पडण्याची नळी
एकस्व – शोधावरील शोधकर्त्याचा कायदेशीर हक्क
झडप – वायू किंवा पाणी सोडणारे अथवा अडवणारे झाकण
गाभा – मधला मुख्य भाग
कसबी – हाताच्या कामात निपुण

वाक्प्रचार

ओशाळणे – लाज वाटणे
बोल लावणे – दोष देणे
बोट दाखवणे – दोषी ठरवणे
खापर फोडणे – दुसऱ्यावर दोष ढकलणे
निकाल लावणे – प्रश्न संपवून टाकणे

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा.
(अ) कारेलमान यांच्या किटलीचा दोष कोणता?
(i) ती गळत होती. (ii) तिची मूठ व तोटी एकाच बाजूला होत्या. (iii) तिला झाकण नव्हते.
(आ) थ्री माइल आयलंड येथील विझलेला दिवा काय सांगत होता?
(i) झडप मिटली आहे. (ii) पाणी संपले आहे. (iii) झडप मिटण्याचा आदेश गेला आहे.

२. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लिफ्टचे उजळणारे बटण हे कोणत्या लक्षणाचे उदाहरण आहे?
(आ) रुग्ण जुना कृत्रिम पाय का टाकून देत असत?

भाषाभ्यास

पुढील दोन वाक्ये वाचा.
(क) कप फुटला.
(ख) मी कप फोडला.

दोन्ही वाक्यांत घटना एकच आहे. पहिल्या वाक्यात ‘कप’ हा कर्ता आहे आणि क्रियापद अकर्मक आहे. तो कोणामुळे फुटला हे वाक्य सांगत नाही. दुसऱ्या वाक्यात ‘मी’ हा कर्ता, ‘कप’ हे कर्म आणि क्रियापद सकर्मक आहे. तेथे जबाबदारी कोणाची हे स्पष्ट होते. मराठीत अशा क्रियापदांच्या अनेक जोड्या आहेत : तुटणे–तोडणे, सुटणे–सोडणे, फाटणे–फाडणे, पडणे–पाडणे. दोष कोणाला द्यायचा, हे पुष्कळदा आपण निवडलेल्या क्रियापदावरूनही ठरते. ‘त्याची शाळा सुटली’ आणि ‘त्याने शाळा सोडली’ या दोन वाक्यांतील अंतर ध्यानात घ्या.

सराव : ‘तुटणे–तोडणे’ आणि ‘पडणे–पाडणे’ या जोड्यांचा वापर करून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा आणि त्यांतील कर्ता ओळखा.

तुम्ही काय शिकलात?

• वापरताना होणारी प्रत्येक चूक वापरणाऱ्याची नसते. ती वस्तूच्या घडणीतही असू शकते.
• चांगली वस्तू खूण देते, तिच्या मांडणीत संगती असते आणि ती प्रतिसाद देते.
• वस्तूने अपुरा प्रतिसाद दिला, तर त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात.
• वापरणाऱ्याचे जीवन समजून घेतल्यावरच उपयुक्त साधन घडते. जयपूर फूट हे त्याचे उदाहरण आहे.
• शिकण्यासाठी घेतलेले कष्ट आणि विनाकारण सोसलेला त्रास यांत फरक आहे.

स्वाध्याय

१. ‘दोष लपलेला असला, की आपण स्वतःलाच बोल लावतो’ या विधानाचा अर्थ तुमच्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा. (८ ते १० ओळी)
२. डॉ. सेठी आणि रामचंद्र शर्मा यांचे काम एकमेकांना पूरक कसे ठरले, ते लिहा.
३. ‘निरुपयोगी वस्तू’ ही कल्पना काळाप्रमाणे कशी बदलते, ते छायाचित्राच्या काठीच्या आधारे सांगा.
४. तुम्ही भरलेला एखादा अर्ज आठवा. तो भरणाऱ्यास सोपा जावा म्हणून त्यात कोणते बदल कराल? संबंधित अधिकाऱ्यास सूचना करणारे पत्र लिहा.

उपक्रम

महात्मा गांधी नव्या मालिकेतील शंभर आणि पाचशे रुपयांची एकेक नोट घ्या. डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवा. शंभराच्या नोटेवर उंचावलेला त्रिकोण आणि कडांना चार तिरप्या रेषा, तर पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेषा हाताला लागतात का, ते पाहा. जुन्या, झिजलेल्या नोटेवर त्या कितपत जाणवतात? ही योजना अंध व्यक्तींसाठी केलेली आहे. पाठातील तीन लक्षणांपैकी कोणते लक्षण येथे दिसते, याची आपल्या सोबत्यांशी चर्चा करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) – (ii), (आ) – (iii)
२. (अ) लिफ्टचे उजळणारे बटण हे प्रतिसाद या लक्षणाचे उदाहरण आहे.
(आ) तो पाय लावून अनवाणी चालणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे ही रोजची कामे नीट साधत नसल्यामुळे रुग्ण तो टाकून देत असत.